दोन डब्यांतली रॅम

माझा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. कळायला लागल्यापासून तो मला हेडबाई म्हणतो आणि मी त्याला तुफान म्हणते. आईवडिलांनी ठेवलेली नावं वेगळी आहेत, पण ती आता फक्त कागदपत्रांपुरती उरली आहेत.

माझं वर्कशॉप इमारतीच्या तळघरात आहे. गेली सत्तावीस वर्षं मी तिथे कॉम्प्युटर जोडते, उघडते, दुरुस्त करते आणि ज्यांनी ते बिघडवले त्यांना बोलते. खाली यायला अठरा पायऱ्यांचा लोखंडी जिना आहे. तुफान तो कायम दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायचा आणि शेवटच्या तिनांवरून सरळ उडी. वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून विचारायच्या, "काही पडलं का गं खाली?" मी ओरडून सांगायचे, "पडलं नाही, भाऊ आलाय!"

मग त्याची नोकरी गेली आणि जिना वाजेनासा झाला.

त्याचं काम असं: दवाखान्यातून रुग्णाच्या हाडांचे स्कॅन यायचे आणि त्यांवरून तो कॉम्प्युटरवर हाडाचं हुबेहूब मॉडेल करायचा. सर्जन ते मॉडेल बघून ऑपरेशन आखायचे. एक दिवस त्याने एका जबड्याचं मॉडेल डावं-उजवं उलटं पाठवलं. घाईत सही केली होती. दवाखान्यात ते वेळीच लक्षात आलं, रुग्णाला काही झालं नाही, पण कंपनीने त्याला घरी बसवलं. पत्रात लिहिलं होतं, 'कामातील उतावीळपणा.' आता हे मीही त्याला चाळीस वर्षं सांगत होते, दिवसातून दोनदा. पण घरच्या माणसाने सांगणं वेगळं आणि छापील कागदाने सांगणं वेगळं.

आठ महिने गेले. एकदा माझ्या भावजयीचा फोन आला. म्हणाली, "ताई, हा आता दाराचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघतो. गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येतो. मला तो आधीचाच बरा होता हो."

मलाही.

आणि अशात एका सर्जनबाईंनी त्याला शोधून काढलं. त्या जबड्याची ऑपरेशनं करायच्या, त्याचं जुनं काम त्यांनी पाहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, दहा दिवसांत एक मॉडेल करून द्या, बरोबर आलं तर पुढची सगळी कामं तुमच्याकडे. त्यासाठी स्वतःचं दणकट मशिन हवं होतं. म्हणून तुफान माझ्याकडे आला. एक-एक पायरी उतरत, कठड्याला धरून.

"रॅम किती लागेल?" मी विचारलं. बाकी सगळं ठरवणं सोपं होतं, घोडं रॅमपाशी अडणार हे मला माहीत होतं.

"ऑफिसात चौसष्ट जीबी होती. मोठा स्कॅन उघडला की मशिन मान टाकायचं."

"तुझं काम कुठपर्यंत जातं? अंदाज नको, आकडा सांग."

पूर्वीचा तुफान "भरपूर!" म्हणाला असता. याने खिशातून छोटी वही काढली. "एका जबड्याच्या स्कॅनचे सहाशे काप असतात, म्हणजे सहाशे चित्रं. ते सगळे एकदम उघडे ठेवायचे, त्यांतून हाड वेगळं काढायचं, त्याची एक प्रत, मग गुळगुळीत केलेली आणखी एक. एकशे चाळीस जीबीच्या आसपास जातं. मी तीनदा मोजलं."

"तीनदा," मी म्हणाले.

"तीनदा," तो म्हणाला आणि वहीत बघत राहिला.

मग त्याने फोन पुढे केला. त्यावर एका रॅमचा फोटो होता, काळीकुट्ट, वरून दिव्यांची माळ. "ही सगळ्यात वेगवान आहे. हिच्यात दिवे लागतात."

"दिवे कशाला? हाड शोधायला?"

तो हसला. आठ महिन्यांत मी ऐकलेलं ते पहिलं हसू, म्हणून मी अंगात आल्यासारखं बोलतच सुटले. त्याला सांगितलं, रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. फडताळात कितीही सामान असू दे, काम ओट्यावरच होतं. ओटा टीचभर असेल तर तुझे हात कितीही चपळ असोत, तू दर मिनिटाला सामान फडताळात ठेवणार आणि परत काढणार, त्यातच दिवस जाणार. तुला आधी ओटा मोठा हवा. वेग नंतर.

"दोन्ही नाही का मिळत?"

"दोन पोरांना हाताला धरून पळता येतं. चार पोरं असली की चालावं लागतं. रॅम ज्यात बसते त्या बोर्डाचंही तसंच आहे. दोन रॅम लावल्या तर तो पळवतो, चार लावल्या की वेग उतरवावा लागतो. तुला लागणार चार. अठ्ठेचाळीसच्या चार, म्हणजे एकशे ब्याण्णव."

स्वतःची चूक स्वतःच पकडणाऱ्या रॅमही मिळतात. पण त्यांना बोर्ड वेगळा लागतो आणि तो तुफानकडे नव्हता. भावजयीने त्याच्या वाढदिवसाला साधाच बोर्ड आणून ठेवला होता, आणि तो परत कर म्हणायची माझी हिंमत नव्हती.

आता माझे दोन नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिला: एका मशिनमध्ये एकाच डब्यातली रॅम. कारखान्यात एका डब्यातल्या रॅम एकमेकींबरोबर तपासून भरलेल्या असतात. दुसऱ्या डब्यावर नाव तेच, नंबर तोच असला, तरी आतली चिप दुसऱ्या घाण्यातली निघू शकते, आणि मग त्यांचं जमेलच असं नाही. दुसरा नियम: रॅमच्या चाचणीच्या चार फेऱ्या झाल्याशिवाय मशिनचं झाकण लागत नाही. पहिल्या फेरीत सगळ्याच शहाण्या असतात. तासन् तास तापल्या की त्यांचे खरे गुण दिसतात. चार फेऱ्या झाल्या की मी झाकणाच्या आतून पांढरी चिकटपट्टी लावते. तिच्यावर रॅम किती, वेग किती, फेऱ्या चार, आणि माझी सही. त्या चिकटपट्टीवर आजवर कोणी शंका घेतलेली नाही.

चार रॅमचा एकत्र डबा मागवायला फोन केला तर दुकानदार म्हणाला, तीन आठवडे. तुफानकडे दहा दिवस होते.

"राहू दे मग," तो लगेच म्हणाला. "मी बाईंना नाही म्हणून कळवतो." इतक्या सहज, जसा काही तो नकाराचीच वाट बघत होता.

मला ते सहन झालं नाही. मी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरच्या वायरींमागे हात घातला आणि एक डबा काढला. अठ्ठेचाळीसच्या दोन रॅम, न उघडलेल्या. दीड वर्षापूर्वी तुफान असाच जिन्यावरून उडी मारून आला होता आणि "हेडबाई, मी स्वतःचं काही तरी सुरू करणार!" म्हणाला होता. मी त्याला "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" म्हणून हाकलून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन हा डबा घेऊन आले. त्याला कधी सांगितलं नाही. मोठ्या बहिणींना अशा गोष्टी तोंडाने सांगता येत नाहीत, आम्हाला फक्त ओरडता येतं.

त्याच नंबरची आणखी एक जोडी बाजारात मिळाली. मी दोन्ही डबे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले.

"पण तुझा नियम?" तुफान म्हणाला.

"नियम गिऱ्हाइकांसाठी. तू घरचा आहेस."

मशिन जोडलं. चार रॅम होत्या, म्हणजे वेग उतरवायला हवा होता. पण डब्यावर सहा हजारांचा वेग छापलेला होता आणि हा माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीन बघत होता. म्हटलं, बघू तरी. सहा हजारांवर चालू केलं आणि चालू झालं. तुफानने टाळी वाजवली. "हेडबाई, पळतेय की चारही पोरं घेऊन!" त्याचं तोंड असं उजळलं की पुन्हा सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा खाली आणायला माझा हात धजेना.

चाचणी लावली. एवढ्या रॅमची एक फेरी सहा तासांची, म्हणजे चार फेऱ्यांना अख्खा दिवस आणि रात्र. दरम्यान मी चिकटपट्टी लिहून झाकणाच्या आत लावून ठेवली. ही माझी जुनी खोड. मशिन चार फेऱ्यांशिवाय बाहेर जाणारच नसतं, मग आधी लिहिलं काय नि नंतर लिहिलं काय. पहिली फेरी स्वच्छ निघाली. तोवर तुफान तीनदा येऊन गेला होता. चौथ्यांदा आला तेव्हा मशिन न्यायला जाड खोकं घेऊन आला, आत मऊ कापड घातलेलं. भावजयीने टेबल रिकामं करून ठेवलंय म्हणाला. स्कॅन आलेत म्हणाला.

"झालं सगळं?" त्याने विचारलं.

मी झाकण लावलं. "झालं. जा, पळ."

चार दिवसांनी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. एक-एक, जड. तुफान तेच खोकं घेऊन खाली आला आणि त्याने ते माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे परत घे. कोणाला तरी विकून टाक. चार वाजता बाईंची ऑपरेशनं संपतात, तेव्हा फोन करून नाही म्हणून सांगणार आहे."

"झालं काय?"

त्याने पेन ड्राइव्ह लावून तीन मॉडेलं दाखवली. एकाच माणसाचा जबडा, तीनदा केलेला. पहिल्यात हनुवटीपाशी हाडाला खड्डा होता. दुसऱ्यात तिथे काही नव्हतं, पण कानाजवळच्या सांध्यापाशी टोक वर आलेलं. तिसऱ्यात दोन्ही ठीक, आणि डाव्या दातांखाली भोक.

"मूळ स्कॅनमध्ये यातलं काहीही नाही," तो म्हणाला. "तिन्ही वेळा मीच काहीतरी चुकतोय. हातच गेलाय माझा."

"इथे हाताने काय करतोस तू?"

"इथे काही नाही. हे आपोआप होतं. पण सुरुवातीची मापं मीच देतो ना. तिथेच घाई झाली असणार."

"मशिन चुकत असेल तर?"

तो माझ्याकडे बघून थकल्यासारखा हसला. "नाचता येईना अंगण वाकडं? नाही, हेडबाई. तूच शिकवलंयस, आधी स्वतःचं तपासावं. आणि मशिनचं म्हणशील तर मी पहिल्याच दिवशी झाकण उघडून बघितलं होतं. चार फेऱ्या, तुझी सही. मग शंका कसली घ्यायची?"

दुपारी येतो म्हणून तो वर गेला, आणि मी खोक्यातून मशिन बाहेर काढलं. माणसाचा हात चुकतो तेव्हा सवयीने चुकतो, पुन्हा पुन्हा त्याच जागी. तीन वेळा तीन ठिकाणी, आणि तेही हात न लावलेल्या जागी, अशी चूक फक्त रॅम करते. हे मला तिसरं मॉडेल बघतानाच कळलं होतं.

आठ वाजता चाचणी लावली. दोन वाजता पहिली फेरी संपली, स्वच्छ, मागच्यासारखीच. दोन चाळीसला दुसऱ्या फेरीत चूक दाखवणारी लाल ओळ आली. मग दुसरी. मग स्क्रीनभर.

खरं सांगते, दहा मिनिटं मी लबाडीचा विचार केला. वेग गुपचूप उतरवायचा, त्याला म्हणायचं, आत धूळ होती, पुसली, आता एकदा करून बघ. मॉडेल बरोबर आलं असतं, काम मिळालं असतं, आणि माझी सत्तावीस वर्षांची चिकटपट्टी शाबूत राहिली असती. पण ती तीन वाकडी मॉडेलं त्याने जन्मभर स्वतःच्या हातावर लिहून ठेवली असती. सत्तरीतही हा माणूस कुलूप तीन-तीनदा ओढत बसला असता, आणि प्रत्येक वेळी ते मला दिसलं असतं.

साडेतीनला तो उतरला. मी पायऱ्या मोजल्या. अठरा.

"फोन करू नकोस," मी म्हणाले. "अंगण वाकडंच आहे रे. मीच वाकडं केलंय."

त्याला कळेना. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि सगळं सांगितलं. दोन डबे, न उतरवलेला वेग, आणि शेवटी ते. "फेरी एकच झाली होती. चार आधीच लिहून ठेवल्या होत्या."

तो लाल ओळींकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज चढला. "चार दिवस मी स्वतःचे हात बघत बसलोय! काल बायकोला म्हणालो, मला आता कुठलंच काम जमणार नाही. ती रडली. आणि तुला एकदाही सुचलं नाही की एक फोन करून सांगावं?"

"मला माहीत नव्हतं रे, नुसती..." एवढं बोलून मी थांबले. सबब सांगायची नाही असं ठरवलं होतं. "चूक माझी आहे. तुझी नाही. तुझी यात एवढीशीही नाही."

हे वाक्य मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. जन्मभर लोका सांगे ब्रह्मज्ञान, आणि आपण कोरडे पाषाण. तो स्टूल ओढून बसला.

"पण का?" त्याने विचारलं. "तू? तू एका फेरीत झाकण लावलंस?"

"तू खोकं घेऊन उभा होतास. त्यात मऊ कापड घातलं होतंस. तुझं तोंड आठ महिन्यांनी असं दिसत होतं. मला थांब म्हणवेना."

त्याने माझ्या खांद्यावर एक चापट मारली, बऱ्यापैकी जोरात. ती मला लागली आणि आवडली.

चार वाजता त्याने फोन केलाच. मी शेजारी उभी होते. "बाई, मॉडेल अजून झालेलं नाही. माझं चुकलेलं नव्हतं, मशिन चुकत होतं. तपासून सोमवारी देतो." पलीकडून बाई म्हणाल्या, "सोमवारी चालेल. मला लवकर नको, बरोबर हवंय." फोन ठेवल्यावर तो हळूच पुन्हा म्हणाला, "माझं चुकलेलं नव्हतं." या वेळी कोणालाही उद्देशून नाही.

मी वेग अठ्ठेचाळीसशेवर आणला आणि चाचणी पहिल्यापासून लावली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तुफानने मला झाकणाला हात लावू दिला नाही. दोन फेऱ्यांनंतर मीच म्हणाले, "आता काही होत नाही, लाव झाकण." त्यावर त्याने मला माझाच नियम माझ्याच आवाजात ऐकवला. चारही फेऱ्या स्वच्छ निघाल्या. मग त्याने माझ्याच टेबलावर जबडा दोनदा केला आणि दोन्ही मॉडेलं एकमेकांवर ठेवून ताडून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. वेळ आधीपेक्षा अकरा मिनिटं जास्त लागला. अकरा मिनिटं! एवढ्यासाठी मी माझ्या भावाला आणखी मोडायला निघाले होते.

जुनी चिकटपट्टी मी फाडायला गेले तर त्याने माझा हात धरला. "राहू दे. हेडबाईची चूक मला जन्मात एकच सापडलीये, ती मी जपून ठेवणार." तिच्याखाली त्याने नवी लावली. रॅम चार, वेग अठ्ठेचाळीसशे, फेऱ्या चार. सही त्याने स्वतःची केली, एकदाच, पुन्हा न बघता. मग पेन माझ्याकडे दिलं.

सोमवारी दुपारी मी एका गिऱ्हाइकाला, त्याने कीबोर्डवर चहा कसा काय सांडला, हे विचारत होते. एवढ्यात जिना धडधडला. दोन-दोन पायऱ्या, आणि शेवटच्या तिनांवरून उडी. टेबलावरचे स्क्रू उडाले.

"आवडलं बाईंना! आणखी तीन जबडे दिलेत!"

वरून खिडकी उघडली. "काही पडलं का गं खाली?"

मी खाली वाकून स्क्रू वेचू लागले. आजींनी पुन्हा विचारलं. शेवटी तुफाननेच वर तोंड करून ओरडून सांगितलं, "पडलं नाही आजी, भाऊ आलाय!"